गरीब शब्दाचं मूळ गाव

खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जनावरांच्या बाजारात एखादा खिलार बैल विकायला उभा असतो. गिऱ्हाईक त्याचे दात बघतं, खूर बघतं, आणि शेवटी एक प्रश्न हमखास विचारतं, "मारका हाय का?" मालक लगेच सांगतो, "न्हाय हो, लई गरीब हाय. पोरानं कासरा धरला तरी मुकाट चालतंय." आता या बैलाची किंमत लाखाच्या घरात असू शकते. तो गरीब असतो म्हणजे निर्धन नसतो. तो मारत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. सकाळच्या तासाला उर्दूतला 'गरीब', दुपारच्या तासाला मराठीतला 'गरीब'. दोन्हीकडे विशेषणच. मराठीच्या पुस्तकात त्याचा विरुद्धार्थी शब्द श्रीमंत, उर्दूच्या पुस्तकात अमीर. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. पण या शब्दाचं मूळ गाव कोणतं, हे ना मराठीचं पुस्तक सांगतं ना उर्दूचं. मूळ अरबीत 'गरीब'चा निर्धनतेशी काही संबंध नव्हता. अरबीत गरीब म्हणजे परका. दुसऱ्या मुलखातून आलेला, ज्याला इथं कुणी ओळखत नाही असा माणूस. आणि त्याच अर्थातून पुढे निघालेला दुसरा अर्थ, विचित्र, नवलाचा.

शब्दाचं घराणं बघितलं की हे पटतं. अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूतून फुटतात. इथं ती अक्षरं आहेत गैन, रे आणि बे. त्यातूनच 'गर्ब' म्हणजे पश्चिम. त्यातूनच 'गुरूब' म्हणजे सूर्य मावळणं. आपण संध्याकाळी जी मगरिबची नमाज पढतो तो 'मगरिब'ही याच घरातला, मावळण्याची वेळ आणि मावळण्याची दिशा. मोरोक्को देशाचं अरबी नाव मगरिब आहे, कारण अरबांच्या दृष्टीनं तो सूर्य बुडतो त्या टोकाचा मुलूख. नजरेआड जाणं, दूर निघून जाणं, हा या सगळ्यांतला समान धागा. घरापासून दूर निघून गेला तो गरीब.

आजही अरबीत आणि इराणच्या फारसीत गरीब म्हणजे परका, अनोळखी. तुर्कीत 'गरिप' म्हणजे विचित्र, कधी बिचारा. सातारा-सांगलीची पुष्कळ पोरं कामासाठी आखातात गेलेली आहेत. माझा एक मावसभाऊ रियाधला ड्रायव्हर होता. पगारवाढ मागताना तो मालकाला मोडक्या अरबीत "मी गरीब माणूस" असं म्हणाला. मालकाला वाटलं, हा म्हणतोय 'मी विचित्र माणूस आहे.' तिथं निर्धनाला मिस्कीन किंवा फकीर म्हणतात हे त्याला नंतर एका मलबारी सोबत्यानं सांगितलं.

उर्दूनं मात्र दोन्ही अर्थ सांभाळून ठेवलेत. गुर्बत म्हणजे निर्धनताही आणि परदेशी असण्याची अवस्थाही. जुन्या शायरीत कुणी गुर्बतमध्ये वतनची आठवण काढतो तेव्हा त्याच्या खिशात पैसे नाहीत असं नव्हे, तो घरापासून दूर आहे. गरीबुलवतन म्हणजे मायदेशाला मुकलेला. हिंदी सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असलेला 'अजीबोगरीब' हा शब्द घ्या. त्यातला गरीब म्हणजे नवलाचा, विचित्र. आणि आपल्या मराठीत तर याहून गंमत आहे. आपण 'गरीबगुरबे' म्हणतो. बहुतेकांना वाटतं की गुरबे हा चहाबिहा, कामबिम यांसारखा मागून जोडलेला नाद आहे. तसं नाही. गरीबचं अरबी अनेकवचन 'गुरबा'. म्हणजे गरीबगुरबे म्हणताना मराठी शेतकरी एकवचन आणि अनेकवचन दोन्ही अरबीत म्हणून मोकळा होतो.

हे सगळं पांडित्य कशाला, असं कुणी विचारेल. एक कारण आपल्या धार्मिक वाचनाचं आहे. एका प्रसिद्ध हदीसमध्ये माणसानं या जगात 'गरीब' असल्यासारखं किंवा वाटसरू असल्यासारखं राहावं असा उपदेश आहे. आपल्याकडे वाझमध्ये हे सांगितलं जातं तेव्हा खाली बसलेला माणूस काय समजतो? पैसा कमवू नका, फाटकं राहा. वास्तविक सांगायचं आहे ते वेगळंच. परगावी गेलेला माणूस जसा तिथल्या घरादारात जीव अडकवत नाही, तसं राहा. दुसऱ्या एका हदीसमध्ये इस्लामची सुरुवात 'गरीब' अवस्थेत झाली असं येतं. त्याचाही अर्थ आपले लोक 'गरिबांमध्ये झाली' असा घेतात. अर्थ आहे, तो परका, अनोळखी असा सुरू झाला. उलट जकात कुणाला द्यायची ते सांगणाऱ्या आयतीत निर्धनांसाठी शब्द आहेत ते फुकरा आणि मसाकीन, फकीर आणि मिस्कीनची अनेकवचनं. तिथं वाटसरूचा वेगळा उल्लेख आहे, 'इब्नुस्सबील' म्हणजे वाटेचा लेक. किती सुंदर शब्द आहे! एका शब्दाचा देशी अर्थ परदेशी मजकुरावर चिकटवला की उपदेशाचं तोंड कसं दुसरीकडे फिरतं, त्याचा हा नमुना.

पण मला खरं बोलायचं आहे ते इतिहासाबद्दल. दख्खनच्या इतिहासात एक काळ असा होता की 'गरीब' हे एका राजकीय गटाचं नाव होतं, आणि त्या गटातली माणसं राज्यातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी होती.

१३२७ च्या सुमाराला मुहम्मद तुघलकानं दिल्लीची मंडळी दौलताबादला आणली. पुढे १३४७ मध्ये दख्खननं दिल्लीचं जू झुगारलं आणि बहमनी राज्य उभं राहिलं. उत्तरेतून आलेले हे लोक दोन-तीन पिढ्यांत इथलेच झाले. त्यांच्यात स्थानिक धर्मांतरित मिसळले, हबशी मिसळले, आणि या सगळ्यांना मिळून 'दख्खनी' म्हणू लागले. बहमनी सुलतानांना मात्र इराण, इराक, मध्य आशिया इथल्या माणसांचं आकर्षण होतं. दाभोळ, चौल या बंदरांत उतरून घोड्यांचे व्यापारी, तिरंदाज, कारकून, कवी, सय्यद असे शेकडो लोक बिदरकडे जात. या नव्यांना 'आफाकी' म्हणत, किंवा 'गरीब'. ते स्वतःही स्वतःला गरीब म्हणवत. म्हणजे परदेशी. त्यांच्या अंगावर रेशीम, दारात अरबी घोडे, नावावर जहागिऱ्या, आणि नाव मात्र गरीब.

दख्खनी आणि गरीब यांचं हाडवैर हा बहमनी राज्याचा मोठा रोग होता. पंधराव्या शतकाच्या मध्यात खलफ हसन बसरी नावाचा एक गरीब सरदार, 'मलिकुत्तुज्जार' म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा ही पदवी असलेला, सह्याद्रीत मोहिमेवर गेला. शिर्क्यांनी त्याला खेळण्याची, म्हणजे आजच्या विशाळगडाची, वाट दाखवतो म्हणून दाट रानात नेलं आणि तिथं त्याचं सैन्य कापलं गेलं. वाचलेले गरीब कसेबसे चाकणच्या किल्ल्यात आले. त्यांच्याच सैन्यातल्या दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवलं की हे लोक बंड करणार आहेत. मग अभय देऊन, मेजवानीला बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली. शिर्क्यांच्या रानातून जे सुटले ते स्वधर्मीयांच्या पंगतीत मेले. सह्याद्रीचा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान अशा दोनच रंगांत रंगवणाऱ्यांनी, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, चाकणवर जरा वेळ थांबावं.

या वैराचा सर्वांत मोठा बळी महमूद गवान. गीलानचा हा व्यापारी समुद्रमार्गे दाभोळला उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. बिदरला त्यानं बांधलेल्या मदरशाचे निळ्या फरश्यांचे तुकडे आजही दिसतात. तो स्वतः गरीब, पण राज्य चालवायचं तर दोन्ही गट सांभाळले पाहिजेत हे त्याला कळत होतं. पदं वाटताना दोघांचा तोल राखायचा त्यानं प्रयत्न केला. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कागद मिळवून त्यावर फितुरीचं खोटं पत्र लिहिलं आणि एप्रिल १४८१ मध्ये सुलतानानं सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याचं डोकं उडवलं. विरोधकांचा म्होरक्या मलिक हसन निजामुल्मुल्क, दख्खनी गटाचा. फरिश्ता सांगतो की तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. त्याच्याच मुलानं पुढे अहमदनगरची निजामशाही काढली. दुसऱ्या बाजूला विजापूरची आदिलशाही काढणारा यूसुफ आदिलखान गरीब गटातला. फरिश्ता वाचताना एक लक्षात ठेवायचं. तो स्वतः बाहेरून आलेला होता आणि विजापूरच्या दरबारात बसून लिहीत होता. त्यामुळे त्याच्या इतिहासात गरीब नेहमी सज्जन आणि दख्खनी नेहमी कपटी दिसतात. चाकणची हकीकतही त्याच्याच डोळ्यांनी आपल्यापर्यंत आलेली आहे.

आता प्रश्न असा की सातारा-सांगलीचे आपण यातले कोण? हा सगळा टापू आधी बहमनी आणि मग आदिलशाहीत होता. मिरजेचा किल्ला आदिलशाहीचं महत्त्वाचं ठाणं होतं. आपल्यावर आज दोन बाजूंनी मूळ गाव लादलं जातं. बाहेरचे म्हणतात, तुम्ही इराण-तुराणातून आलेले. आणि आपल्यातलेच काही लग्न जमवताना छाती फुगवून सांगतात, आमचे पूर्वज अरबस्तानातून आले. दोघांनाही माझा एकच सल्ला असतो, आपल्या गावची मतदारयादी वाचा. आत्तार, तांबोळी, बागवान, मुलाणी, शिकलगार, मणेर, नदाफ, मोमीन, मुजावर. ही कामांची नावं आहेत. अत्तर विकणारा, पानं विकणारा, मळा करणारा, हत्यारांना धार लावणारा, बांगड्या भरणारा, कापूस पिंजणारा. मुलाणी तर गावगाड्यातला हक्कदार. शेख, सय्यद, पठाणही आहेत, त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज बाहेरून आले असतीलही. पण बहमनी दरबाराच्या भाषेत बोलायचं तर आपण बहुतेक सगळे दख्खनी. आपण कधी 'गरीब' नव्हतो. गरीब झालो ते नंतर, दुसऱ्या अर्थानं.

सोळाव्या शतकात इब्राहीम आदिलशहा पहिला १५३४ साली गादीवर आला. त्यानं परदेशी सरदारांना बाजूला केलं, दख्खनींना जवळ घेतलं आणि महसुलाचे हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले. आपल्या भागात ती भाषा मराठी. कुलकर्ण्याच्या दप्तरात फारसी आणि मराठी एकाच दौतीतून उतरू लागल्या. माझा अंदाज असा की गरीब शब्दाचा नवा अर्थ पक्का झाला तो अशा दप्तरांत आणि अर्जांत. दरबारात अर्ज करणारा स्वतःला गरीब म्हणे, म्हणजे ज्याला इथं कुणी नाही असा. ज्याला कुणी नाही तो असहाय. असहाय तो बहुधा निर्धनच. समोरच्या अधिकाऱ्याला तो म्हणे 'गरीबपरवर', गरिबांना पोसणारा. शेकडो अर्ज लिहिले-वाचले गेले की मूळचं परकेपण कुणाच्या ध्यानात राहतं?

त्यात सूफींचीही भर आहे. खुलताबादला ज्यांची दर्गाह आहे ते हजरत बुऱ्हानुद्दीन 'गरीब' या नावानंच ओळखले जातात. निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य दिल्लीहून दौलताबादला आले आणि १३३७ मध्ये इथंच वारले. तापीकाठचं बुऱ्हाणपूर त्यांच्या नावावरून वसलं. परका म्हणवणारा माणूस, आणि जवळजवळ सातशे वर्षं महाराष्ट्राच्या मातीत आहे. अजमेरच्या ख्वाजांना तर सगळा हिंदुस्थान 'गरीबनवाज' म्हणतो. ही पदवी धर्माची कुंपणं ओलांडून गेली. तुलसीदासांनी रामाला गरीबनिवाज म्हटलं आहे, संत रविदासांनीही आपल्या परमेश्वराला त्याच नावानं हाक मारली आणि ते पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. आता संस्कृतातून आलेला तोच अर्थाचा शब्द शोधा. दीन म्हणजे गरीब, नाथ म्हणजे सांभाळणारा. सांगलीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या मास्टर दीनानाथांच्या नावाचा उर्दू तरजुमा करायला सांगितला तर माझे विद्यार्थी 'गरीबनवाज' लिहितील, आणि मी पूर्ण गुण देईन. (आमच्या मुलांना या 'दीन'चा घोळ नेहमी होतो. अरबी दीन म्हणजे धर्म. 'दीनदुबळे' हा शब्द पहिल्यांदा आला की कुणीतरी 'धर्मानं दुबळे' असा अर्थ लिहितोच.)

असाच घोळ 'बिचारा'चा. फारसी 'चारा' म्हणजे उपाय. ज्याच्यापाशी उपाय नाही तो बे-चारा. मराठीत 'काही चारा उरला नाही' म्हणतो तो हाच चारा. पण माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या मुलांना चारा म्हटलं की छावणी आठवते, वैरण आठवते. एकानं 'बिचारा' म्हणजे 'ज्याच्या गोठ्यात चारा नाही तो' असं लिहिलं होतं. व्युत्पत्ती चूक, पण दुष्काळी तालुक्यात त्या उत्तराला शून्य देताना हात अडतो.

परका हा शब्द घसरत घसरत दैन्यावर येणं, हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. जर्मन भाषेत 'एलेंड' म्हणजे हलाखी, दैना. त्याचं जुनं रूप 'परमुलखात असलेला' या अर्थाचं. अगदी गरीबचाच जुळा भाऊ. इंग्रजीत याहून मजेदार प्रकार आहे. 'वेल्श' हे ज्या लोकांचं नाव, ते ब्रिटनचे जुने रहिवासी. पण त्या नावाचा मूळ अर्थ परके. नंतर आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी आधीपासून राहणाऱ्यांना परके ठरवलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. लॅटिनमध्ये 'होस्तिस' म्हणजे आधी परका होता, तो पुढे शत्रू झाला. म्हणजे परक्यासाठी शब्द केला की तो दोन वाटांनी जाऊ शकतो. कुठं त्याचा शत्रू होतो, कुठं त्याचा बिचारा. मुसलमानांसाठी मराठीनं वेळोवेळी वापरलेले शब्द बघा. 'यवन' हा मूळचा ग्रीकांसाठीचा, आयोनियावरून आलेला. 'अविंध' म्हणजे ज्यांचे कान टोचलेले नाहीत ते. हे दोन्ही शब्द बखरींत पडून राहिले. गरीब मात्र थेट गोठ्यात जाऊन बसला.

त्याला घालवायचा प्रयत्न करणारे झाले नाहीत असं नव्हे. शिवकाळात रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला, पण तो कारभारातल्या शब्दांपुरता. दफ्तर, खजिना, किल्ला, फौज अशा गोष्टींना संस्कृत पर्याय देणारा. राजवाड्यांनी पुढे जुनी पत्रं घेऊन शब्द मोजले आणि १६२८ च्या पत्रात फारसीचा केवढा भरणा होता आणि १७२८ च्या पत्रात ती किती तुरळक झाली ते दाखवलं. विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी आली. त्या चळवळीतलं मला सर्वांत ओढ लावणारं नाव माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन. फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश दिला, गझल आणि रुबाई मराठीत रुजवली. आणि त्याच माणसानं १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून फारसी-अरबी शब्द वगळण्याचा आग्रह धरला. ज्याला त्या शब्दांची चव सर्वांत जास्त कळत होती त्यानंच ताट सरकवलं. मी त्यांचा कोश अजून रोज वापरतो आणि त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलेलं नाही. दिनांक, क्रमांक, महापौर हे शुद्धीच्या काळातले शब्द टिकले, चांगले आहेत, मीही वापरतो. पण गरिबाला 'दरिद्री' म्हणून बघा. शिवी होते. 'निर्धन' म्हणा, पुस्तकी वाटतं. 'रंक' म्हणा, कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. गरीब म्हणताना जो हळवेपणा येतो तो बाकीच्यांत नाही, म्हणून तो राहिला.

सरकारनं मात्र कागदोपत्री त्याला टाळलं आहे. १९७१ मध्ये 'गरीबी हटाओ'ची घोषणा झाली तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडला वाढलेले. लहानपणी गरिबी म्हणजे काय ते त्यांनी अंगावर भोगलेलं. पण मतं मागताना गरिबी, आणि दाखला देताना 'दारिद्र्यरेषेखालील'. २०१९ च्या घटनादुरुस्तीनं आरक्षण आलं ते 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकां'साठी. रेल्वेला गरीबरथ चालतो, अन्नयोजनेला गरीब कल्याण चालतं, कारण तिथं नाव लोकांच्या कानावर पडायचं असतं. अर्जात गेला की तोच माणूस घटक होतो. आमच्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येणाऱ्या आया विचारतात, "सर, हे घटक म्हंजे आमीच ना?"

आता बाजारातल्या त्या बैलाकडे येतो, कारण गरीबचा तो तिसरा अर्थ, शांत, सोशिक, न मारणारा, मला अलीकडे सारखा छळतो. तो नवा नाही. मोल्सवर्थच्या कोशातही निर्धन आणि सौम्य असे दोन्ही अर्थ सापडतात, म्हणजे दोनशे वर्षं तरी तो चालत आलेला आहे. आमच्या घरच्या दख्खनीतही तो शिरला आहे. अम्मी म्हणायची, "भोत गरीब बच्चा है, किसीकू उलटके नै बोलता." लखनौच्या उर्दूवाल्याला यात पैशाचा विषय ऐकू येईल, आम्हाला स्वभावाचा येतो. दैन्य आणि सौम्यपणा एकाच शब्दात कसे आले हे समजायला फार विद्वत्ता नको. ज्याच्यापाशी काही नाही त्यानं उलट बोलायचं नसतं, असं ज्या समाजाला वाटतं त्या समाजाची भाषा हे दोन अर्थ एका दावणीला बांधते. 'गरीब गाय' हे कौतुक आहे, पण ते गाईचा मालक करतो.

आता ऐका. आमच्या शेजारी एक तात्या आहेत, ऐंशीच्या घरातले. ईदला शीरखुर्मा आमच्याकडून, दिवाळीला फराळ त्यांच्याकडून, हे माझ्या जन्माआधीपासूनचं. कडेगावच्या मोहरमला उंच ताबूत बघायला लहानपणी मला खांद्यावर घेऊन जाणारे हेच. तिथले काही ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे असतात, हेही पहिल्यांदा त्यांनीच मला दाखवलं. गेल्या वर्षी त्यांच्याकडे पुण्याहून पाहुणे आले. तात्यांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे मास्तर. मुसलमान हायत, पण लई गरीब माणूस."

तात्यांच्या मनात पाप नव्हतं. ते माझं कौतुकच करत होते. पण मी मराठीचा मास्तर, माझा कान 'पण'वर अडकला. आपल्या व्याकरणात 'पण' हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय. पहिल्या वाक्यात काही उणं आहे असं ते सुचवतं. 'देशमुख हायत, पण गरीब' असंही आमच्याकडे म्हणतात. तिथं अर्थ असा की सत्ता आहे, दुखवू शकतील, पण दुखवत नाहीत. मग माझ्या बाबतीत 'पण'च्या अलीकडे काय धरलं आहे? माझ्याकडे ना जमीन ना सत्ता. धरलं आहे ते एवढंच की ही जात मारकी असते, हा एक नग मारत नाही. तात्या तीस वर्षांपूर्वी असं बोलत नव्हते. तेव्हा ते "आमच्या हुसेनचा पोरगा" एवढंच म्हणायचे. मधल्या काळात हे 'पण' कुठून तरी आलं, टीव्हीतून आलं, मोबाइलमधून आलं, आणि त्यांच्या तोंडात बसलं.

पाहुणे गेल्यावर चहा घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. बहमनी, चाकण, गवान, गरीब म्हणजे परका. तात्यांना इतिहासाची आवड आहे, शिर्क्यांचं नाव आल्यावर ते सावरून बसले. गवानच्या खोट्या पत्रावर हळहळले. मग म्हणाले, "म्हंजे मी तुला परका म्हनलो व्हय रं?"

मी म्हणालो, "नाही तात्या. तुमचा गरीब मला चालतोय. तेवढं 'पण' काढा आणि 'आणि' घाला."

तात्या बराच वेळ हसले. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीच्या साखरपुड्यात व्याह्यांना माझी ओळख करून देताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे मास्तर. मुसलमान हायत. गरीब हायत. आन् लई चौकस हायत, बोलताना जरा जपून."